पोटाला कान लावून

विशे गुरुजींनी मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "सकाळी पोट साफ होतं का, बाई?"

मी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची. शहापूरची मुलगी, डीएड होऊन पहिलीच नेमणूक, आणि तीही मुरबाड तालुक्यात धसईच्या आत, सिद्धगडाच्या बाजूला डोंगराखाली असलेल्या एका वाडीच्या शाळेत. नव्वदच्या दशकाचा तो मधला काळ. नाव काय, गाव कुठलं, कोणाच्यातल्या, लग्न ठरलंय का, अशा सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी एसटीत बसूनच तयार करून ठेवली होती. ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी मान खाली घातली.

"लाजता काय?" गुरुजी अगदी गंभीरपणे म्हणाले. "चूल पेटली का म्हणून विचारतो ना आपण? तसंच हाय हे."

उंच, वाळक्या शेंगेसारखे सडसडीत. पांढरा सदरा, लेंगा, टोपी. कान मात्र अंगाच्या मानाने मोठे. समोरचा बोलत असला की डोकं एका बाजूला कलतं करून ऐकायची सवय. त्यांचं घर टेकडीपलीकडच्या गावात होतं. रस्त्याने जीप यायची, पण ते रोज टेकडी चढून, उतरून, चालत शाळेत यायचे आणि तसेच परत जायचे. पावसाळ्यात डोक्यावर इरलं. "गाडीत बसून माणूस पोचतो, त्याचं पोट मागंच ऱ्हातं," असं म्हणायचे.

शाळा दोन खोल्यांची. चार वर्ग, दोन शिक्षक. पहिल्याच दिवशी त्यांनी वाटणी करून टाकली : "पहिली ते तिसरी मी बघतो. चौथी तुमी घ्या." मला ते नव्या मुलीवर दाखवलेलं औदार्य वाटलं. तीन वर्गांचा गोंगाट स्वतःकडे आणि मला एकच वर्ग! मी आईला तसं कळवलंही, की हेडमास्तर देवमाणूस आहेत. पुढे दर जूनमध्ये मी म्हणायचे, "गुरुजी, यंदा तुम्ही चौथी घ्या, मोठी मुलं असतात, जरा आराम पडेल." तर ते खडू हातात फिरवत म्हणायचे, "नको. चौथी मी घेत नाय." कारण सांगायचे नाहीत.

मी धसईला खोली घेऊन राहत होते. एकटीसाठी स्वयंपाकाचा कंटाळा, म्हणून डब्यात पाव, बटर, फरसाण असलं काहीतरी कोंबून आणायचे. गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात डब्यात डोकावून पाहिलं.

"हे काय, बाई?"

"घाई झाली."

"घाई तुमाला झाली. त्या आतड्यांनी काय केलं? हे मैद्याचं तिथं जाऊन चिकटून बसतं. त्याला ढकलायला मागून चोथा लागतो. पाला लागतो, पाणी लागतं." मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी माझ्या झाकणात ठेवली. आमच्याकडे सगळीकडे तांदळाची भाकरी, पण त्यांची नाचणीची असायची. सोबत मोसमाप्रमाणे टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या, शेवग्याचा पाला, आणि वाल. मी दोन मिनिटांत संपवली. ते बघत राहिले. "आत दात नायत, बाई. जे काय चावायचं ते हितंच. तिकडं कोणी बसलेलं नाय चावून द्यायला."

हे 'आत दात नायत' वाडीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. लग्नाच्या पंगतीतसुद्धा गुरुजी दिसले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या, "सावकाश गो, आत दात नायत," आणि हसायच्या. गुरुजींना त्याचं वाईट वाटायचं नाही. हसत का होईना, चावतायत ना, म्हणायचे.

तेव्हा शाळेत शिजवलेली खिचडी मिळायला लागली नव्हती. सरकारी योजनेतले महिन्याचे तांदूळ घरी जायचे, मुलं डबा आणायची किंवा घरी पळायची. गुरुजींनी ती पळापळ बंद केली होती. सगळ्यांनी ओळीत व्हरांड्यात बसून जेवायचं. त्याआधी नखं दाखवायची, हात राखेने घासायचे. जेवण झालं की ते पुढे, हात मागे बांधलेले, आणि त्यांच्या मागे सगळी शाळा मैदानाला फेऱ्या मारायची. सावकाश. "पळायचं नाय. भरल्या पोटी पळवलेला बैल वाटेत बसतो." मग दुपारी शेवटच्या तासाला मात्र तो माणूस मुलांना लंगडी, खो-खो, डोंगराच्या कडेपर्यंत धावणं, असं काही दमवायचा की मुलं घरी जाऊन भातावर तुटून पडायची. अनवाणी मुलांच्या घरी जाऊन आईबापांशी भांडायचे. चपला घ्या, परसाकडला जाताना तरी घाला, मातीतनं जंत अंगात शिरतात. सरकारी दवाखान्यातून जंतांच्या गोळ्या आणून स्वतःच्या हाताने एकेकाच्या जिभेवर ठेवायचे आणि तोंड उघडून गिळल्याची खात्री करायचे.

हे सगळं मला हौशी माणसाचं खूळ वाटायचं. एखाद्याला भजनाचं असतं, ह्यांना पोटाचं.

मग मी त्यांना पहिल्यांदा कान लावताना पाहिलं.

श्रावणातली सकाळ होती. दुसरीतला एक मुलगा पोट धरून रडायला लागला. गुरुजींनी हातातलं पुस्तक पालथं टाकलं, त्याला उचलून व्हरांड्यात घोंगडीवर निजवलं, त्याचा सदरा वर केला, स्वतःची टोपी काढून बाजूला ठेवली आणि त्याच्या पोटाला कान लावला. सगळी शाळा गप्प झाली. मुलांना ते माहीत होतं. गुरुजी कान लावतात तेव्हा कोणी बोलायचं नाही. त्यांनी डोळे मिटले होते. एकदा बेंबीच्या उजवीकडे, एकदा डावीकडे, पुन्हा मध्ये. मी दारात उभी होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत होता. पावसाळी गारठ्यात त्यांच्या कपाळावर घाम होता. शाळेतल्या एका पोराचं पोट दुखतंय म्हणून एवढं भिण्यासारखं काय आहे, मला कळेना.

मग त्यांनी डोळे उघडले. "बोलतंय," म्हणाले.

आणि सगळ्या शाळेनं श्वास सोडला. त्या मुलालाही हसू आलं. एकदम दोघं-तिघं ओरडली, "गुरुजी, माझं पण ऐका! माझं पण!" गुरुजींनी टोपी झटकून घातली, पण उठायला त्यांना बराच वेळ लागला.

वाडीत त्यांचं एक यश फार गाजलेलं होतं, ते सोपानचं. सोपान हा वाडीतला तरुण, भिवंडीला पॉवरलूमवर कामाला. एका उन्हाळ्यात तो घरी आला तो पोट फुगलेलं, तोंडाला चव नाही, छातीत जळजळ, आणि परसाकडला चार-चार दिवस पत्ता नाही. शाळेच्या पायरीवर येऊन बसला.

"खातोस काय?" गुरुजींनी विचारलं.

"वडापाव. नायतर मिसळ. ड्युटी कशीपण असते ना गुरुजी, टाइमच नाय."

"पाणी?"

"चहा होतो धा-बारा वेळा."

"आणि चालतोस किती?"

"चालणार कुठं? मशीनसमोर उभाच असतो की."

"उभं ऱ्हाणं म्हंजे चालणं नाय रे. बैलपण दावणीला उभाच असतो."

त्याला त्यांनी दुसऱ्या दिवसापासून धरलं. सकाळी उठून कोमट पाणी, मग सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत चालत जाऊन यायचं. दोन वेळ घरची भाकरी, पालेभाजी, ताक. चहा एकदाच. एकदम ढीगभर पाला खायचा नाही, हळूहळू वाढवायचा, नाहीतर पोट आणखी फुगतं. जेवायची वेळ ठरलेली आणि बसायची वेळही ठरलेली, आलं तरी बसायचं, नाही आलं तरी बसायचं. सोपान आईमाईवरून शिव्या घालत चालायचा. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. तो म्हणायचा, गुरुजींनी माझा बैल केला. मग एका सकाळी प्रार्थना चालू असताना तो शाळेच्या कुंपणाशी आला आणि तिथूनच आनंदाने ओरडला, "गुरुजी, झाली! मोकळी झाली!"

प्रार्थना तिथेच संपली. मुलं लोळून हसली. मी पदर तोंडात कोंबून वर्गात पळाले. गुरुजींनी मात्र अत्यंत गंभीरपणे टाळ्या वाजवल्या.

गुरुजींना असं मोकळं, खूश झालेलं मी फार क्वचित पाहिलं. आणि तेही टिकायचं नाही. म्हसा गावच्या जत्रेची गोष्ट सांगते. थंडीत म्हशाला मोठी जत्रा भरते, गुरांचा बाजार लागतो. आम्ही शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. मला वाटलं, गुरुजी भजी-जिलबीच्या दुकानांकडे पोरांना फिरकू देणार नाहीत. तर त्यांनीच सगळ्यांना कागदात जिलबी घेऊन दिली. "खाऊ द्या आज. वरीसभर पालाच खातात बिचारी. एका दिवसानं पोट रुसत नाय. रोजच्या खाण्यानं रुसतं." स्वतः बैलांच्या दावणीपाशी उभं राहून पोरांची थट्टा करत होते. परतताना चौथीतला एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, पोटात कळ येते." बस्स. गुरुजींच्या तोंडावरचा रंग उतरला. वाटेभर त्यांनी त्याला खांद्यावर घेतला. दर थोड्या वेळाने बांधावर थांबायचे, त्याला खाली निजवायचे, कान लावायचे, पुन्हा उचलायचे. मुलगा केव्हाच बरा झाला होता आणि खांद्यावर बसून गाणी म्हणत होता. तरी ते थांबत होते, कान लावत होते.

त्याचा उलगडा मला इंदूकाकींनी केला. इंदूकाकी म्हणजे गुरुजींची बायको. ठेंगण्या, काटक, फार कमी बोलणाऱ्या. गौरीच्या सणाला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. जेवणं झाली, गुरुजी शेताकडे गेले, आणि आम्ही दोघी ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसलो. घरात मूलबाळ दिसत नव्हतं. मी विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, "तुमाला चौथीचा वर्ग दिला ना त्यांनी? आमचा नंदू चौथीत होता."

मी हातातला वाल तसाच धरून राहिले.

"भाताची आवणी चालू होती. सगळे शेतात. पोराला दोन-चार दिवस पोटात दुखायचं, ऱ्हायचं, परत दुखायचं. मी बोलले, मुरबाडला नेऊ दवाखान्यात. हे बोलले, अजीर्ण झालंय, पाऊस बघ कसला हाय, एरंडेल देतो, मोकळं होईल, उद्या बघू. वाटीत काढून दिलं एरंडेल. पोर नको बोलत होतं. नाक धरून पाजलं. आणि आमी शेतात गेलो."

त्या थोडा वेळ नुसत्या सोलत राहिल्या.

"दुपारी बघतो तर पोट ढोलागत. हिरवं-हिरवं ओकत होता. ओढ्याला पाणी चढलेलं. चौघांनी घोंगडीची झोळी करून नेलं. मुरबाडच्या डॉक्टरानं नळी लावली पोटाला. हिकडं लावली, तिकडं लावली. बोलला, गुरुजी, आत काहीच वाजत नाय. सगळं गप हाय. जंतांचा गोळा अडकलाय आतड्यात. लगेच कल्याणला न्या. ह्यांनी एरंडेलाचं सांगितलं तर डॉक्टर नुसता बघत ऱ्हायला यांच्याकडं. अडकलेल्या आतड्यावर जुलाबाचं द्यायचं नसतं म्हणे. कल्याण कुठलं, वाटेतच गेला."

पलीकडे ओढ्याचा आवाज येत होता.

"त्यावर मी यांना एक शब्द बोलले नाय," काकी म्हणाल्या. "अजून नाय बोलले. लोक बोलतात, केवढी गुणाची बायको. पण तुमाला सांगते बाई, बोलले असते तर बरं झालं असतं. आता तोंडच उघडत नाय त्या गोष्टीवर."

त्या दिवसानंतर मला त्यांची भाकरी, त्यांच्या फेऱ्या, नखं, चपला, गोळ्या, कशाचंच हसू येईना. शाळेत कुठलंही पोर व्हरांड्यात निजलं की मला तिथे दुसरं एक पोर दिसायचं. गुरुजींना तर ते नेहमीच दिसत असणार.

मंगळी हे ठाकरवाडीतून येणाऱ्या एका मुलीचं नाव. तिसरीत होती. ती एकदा मधल्या सुट्टीत वाकडी होऊन बसली. गुरुजींनी नेहमीप्रमाणे निजवलं, कान लावला. ह्या वेळी त्यांचा चेहरा लगेच सैल झाला. "खूप बोलतंय," म्हणाले. "गुडगुड नुसती. काय नाय, गॅस हाय. पडू दे जरा." आणि ते वर्गात गेले. मीही गेले. काही वेळाने एक मुलगी सांगत आली, मंगळी ओकली. आम्ही बाहेर आलो. ओकारी हिरवी होती.

गुरुजी तिथेच उभे राहिले. मग एकदम ओरडले, "पाणी देऊ नका! कोणी काय देऊ नका तिला!" आणि तिला उचलून रस्त्याकडे धावले. त्या वयात, डोक्याला टोपी नाही, पायात चपला नाहीत. वीटभट्टीवरून येणारी एक जीप त्यांनी आडवं उभं राहून थांबवली. मीही चढले. मुरबाडपर्यंत त्यांनी तिचं पोट हाताने झाकून धरलं होतं आणि एकच पुटपुटत होते, "काय दिलं नाय मी. ह्या वेळी काय दिलं नाय."

मंगळी वाचली. आतडं पिळून अडकलं होतं, उल्हासनगरला ऑपरेशन झालं. मुरबाडचे डॉक्टर आता म्हातारे झाले होते. नंदूला नळी लावणारे तेच. मंगळीला तपासल्यावर त्यांनी गुरुजींना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "गुरुजी, कानावर भरवसा ठेवू नका. आतडं अडकलं की सुरुवातीला ते जास्तच वाजतं. अडथळ्याशी झगडत असतं ना. गप्प होतं ते नंतर. पोट बोलतंय म्हणजे सगळं बरं आहे, असं नसतं."

गुरुजी डोकं कलतं करून ऐकत होते. "म्हंजे तो पण आधी बोलत असंल," ते म्हणाले. "आमी शेतात गेलो तेव्हा."



मला वाटलं होतं, एक मुलगी वाचली, आता ह्या माणसाच्या डोक्यावरचं ओझं जरा उतरेल. उलट झालं. त्यांनी कान लावणं सोडून दिलं. कोणाचं पोट दुखलं की सरळ दवाखान्यात पाठवायचे, कधी कधी उगाचही. भाकरी, पाला, चालणं चालूच होतं. पण सांगताना आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. "हे करा," म्हणायचे, "ह्यानं पुष्कळ टळतं." मग थोडं थांबून, "सगळं नाय टळत."

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा शाळेत खिचडी शिजायला लागली होती. तिच्यात शेवग्याचा पाला आणि भोपळा पडतोय का, हे बघायला ते अधूनमधून यायचे. मग येणं कमी झालं. एका बाजाराच्या दिवशी धसईत दिसले तर सदरा अंगावर लोंबत होता. मी म्हटलं, "गुरुजी, किती बारीक झालात!" तर म्हणाले, "वय झालं बाई. चालतो अजून."

ते चालत होते हे खरं. आणि परसाकडला रक्त जात होतं, हेही खरं. ते त्यांनी कित्येक महिने कोणाला सांगितलं नाही. सगळ्या वाडीला रोज सकाळी पोटाचं विचारणारा माणूस स्वतःचं लपवत राहिला. शेवटी टेकडी उतरताना चक्कर येऊन पडले तेव्हा काकींना कळलं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. मुंबईत ऑपरेशन झालं, आतड्याचा तुकडा काढला, आणि पोटाच्या डाव्या बाजूला भोक पाडून तिथे पिशवी लावली.

मी भेटायला गेले तेव्हा भात कापून झाला होता. गुरुजी ओटीवर उशीला टेकून बसले होते, पोटावरून टॉवेल गुंडाळलेला. काकी आत उंबऱ्याशी बसून भाजी निवडत होत्या.

"विचारा की," गुरुजी म्हणाले.

"काय?"

"हेच की, नाचणी खाणाऱ्याला, डोंगर चढणाऱ्याला हे झालं कसं. सगळे येतात ते मनात हेच विचारतात. सोपान तर रडला. बोलला, गुरुजी, मग आमी कशाला चालायचं?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"बोललो, चाल बाबा. छत्री घेतली म्हणून वीज चुकत नाय. पण भिजणं चुकतं का नाय?" तेवढ्यात टॉवेलाखालून बारीक आवाज झाला. पिशवीत वारा सुटल्याचा. मी दुसरीकडे बघितलं. गुरुजी हसले. "ऐकलं? आता कान लावायला नको."

मला हसता आलं नाही. मी विचारलं, "रक्त जात होतं तेव्हा दवाखान्यात का नाही गेलात? सगळ्यांना पाठवत होतात."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. अंगणात कोंबड्या भाताचे दाणे टिपत होत्या.

"जायचं मनात यायचं," ते म्हणाले. "पण वाटायचं, आपण पोराला बोललो होतो ना, उद्या बघू. मग आपलं पण उद्याच बघू."

उंबऱ्याशी काकींचे हात थांबले होते. त्यांनी आमच्याकडे न बघता, भाजीकडेच बघत, अगदी सरळ आवाजात म्हटलं, "मी बोलले होते मुरबाडला नेऊ म्हणून."

मला वाटलं, आता काहीतरी भयंकर होणार. गुरुजींनी मान वळवली.

"तुमी ऐकलं नाय," काकी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पोर नको नको बोलत होतं. मी बोलले होते. तुमी ऐकलं नाय माझं."

"हां," गुरुजी म्हणाले. "तू बोलली होतीस. मी नाय ऐकलं."

"नाक धरून पाजलं."

"हां. मीच पाजलं."

मग काकी रडायला लागल्या. मोठ्याने, तोंडावर हात न घेता. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. गुरुजी उशी सोडून उठले, टॉवेल एका हाताने धरून, भिंतीचा आधार घेत उंबऱ्यापर्यंत गेले आणि त्यांच्याशेजारी खाली बसले. "बोल," म्हणाले. "आणखी बोल गो. मी वाट बघत होतो. किती वर्षं वाट बघत होतो, तू कधी बोलशील."

मी चपला घालून निघाले. निरोप घेण्याची ती वेळ नव्हती. टेकडी चढून वर आले तरी काकींचा आवाज मधूनमधून ऐकू येत होता. त्या बोलत होत्या.

पुढच्या पावसाच्या तोंडाशी गुरुजी गेले. माझी तोवर शहापूर तालुक्यात बदली झाली होती, मला उशिरा कळलं. पण त्याआधी उन्हाळ्यात मी त्यांना एकदा पाहिलं.

मी मुरबाडला एका लग्नाला आले होते आणि दुपारी शहापूरच्या गाडीत खिडकीशी येऊन बसले होते. समोर स्टँडच्या बाकावर गुरुजी आणि काकी होते. मुंबईच्या दवाखान्यातून परतत असणार, कारण पायाशी औषधांची पिशवी आणि वळकटी होती. गुरुजी इतके वाळले होते की टोपी कानांवर उतरली होती. काकी त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, पदर मांडीवर आलेला. दवाखान्यात जागून काढलेल्या रात्रींची ती झोप होती.

धसईची गाडी लागली. माणसं धावली. खिडक्यांतून रुमाल, पिशव्या आत पडल्या. एकजण गुरुजींपाशी थांबून म्हणाला, "गुरुजी, चला, गाडी लागली." गुरुजींनी मोकळा हात उचलून बोट ओठांवर ठेवलं. त्याला कळलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "पुढची संध्याकाळी हाय." गुरुजींनी मान हलवली आणि हातानेच त्याला जायला सांगितलं.

गाडी भरली, घंटी झाली, धूळ उडवत निघून गेली. गुरुजी ताठ बसून राहिले, खांदा जराही हलू न देता. ऊन सरकत बाकापर्यंत आलं होतं. त्यांनी सावकाश टोपी काढली आणि काकींच्या डोळ्यांवर सावली पडेल अशी धरून ठेवली. माझी गाडी सुटली तेव्हाही त्यांनी ती तशीच धरलेली होती.